टायविनचे शेवटचे वाक्य: टिरियन लॅनिस्टरच्या जनकाविषयीच्या तर्काचा प्रकरण अभ्यास

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेच्या तिसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस, म्हणजे २००० साली आलेल्या ‘अ स्टॉर्म ऑफ स्वॉर्ड्स’मध्ये, टिरियन लॅनिस्टर हा बुटका मुलगा मध्यरात्री शौचकूपावर बसलेल्या आपल्या बापावर क्रॉसबोचा बाण सोडतो. बाण जांघेच्या किंचित वर घुसतो. सात राज्यांतला सर्वांत धनाढ्य आणि सर्वांत भयकारी सरदार असलेला टायविन मरता मरता, अडखळत, एवढेच म्हणतो की तू माझा मुलगा नाहीस. टिरियनचे उत्तर असे की इथेच तुमची चूक होते आहे, मी म्हणजे छोट्या अक्षरांत लिहिलेले तुम्हीच आहात.

या प्रकरणाचा सगळा वाद टायविनच्या त्या वाक्यात साठलेला आहे. बाप रागाच्या भरात पोटच्या पोराला ‘तू माझा नाहीसच’ म्हणतो तेव्हा ते वाक्य शिवी म्हणून घ्यायचे, हे कुणाला सांगावे लागत नाही. परंतु ही कादंबरीमाला वाचणाऱ्यांना तोवर वाक्ये शब्दशः घेण्याची सवय लागलेली होती. त्यामुळे टिरियन टायविनचा नसेल तर कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तरही तयार झाले: वेडा राजा म्हणून कुप्रसिद्ध असलेला एरिस दुसरा, टार्गेरियन घराण्याचा शेवटचा गादीवरचा पुरुष. चाहत्यांच्या सांकेतिक भाषेत हा तर्क ‘ए अधिक जे बरोबर टी’ असा लिहिला जातो. यातला ए म्हणजे एरिस, जे म्हणजे टायविनची पत्नी जोआना आणि टी म्हणजे टिरियन.

हे सूत्र ज्या साच्यातून निघाले तो साचा आधी पाहावा लागतो. मालेतले पहिले पुस्तक १९९६ साली आले आणि दुसरे १९९८ साली. या दोन पुस्तकांच्या मधल्या काळातच वाचकांनी जॉन स्नो हा उत्तरेकडचा सरदार नेड स्टार्क याचा अनौरस मुलगा नसून एरिसचा मुलगा रेगार टार्गेरियन आणि नेडची बहीण लियाना यांचा मुलगा असावा, असे मांडले होते. त्या तर्काचा आधार किती बारीक होता, हे एका उदाहरणावरून दिसते. जॉनच्या आईविषयी विचारणाऱ्या पत्नीला, कॅटलिनला, नेड थंडपणे बजावतो की जॉनविषयी पुन्हा कधी विचारू नकोस, तो माझे रक्त आहे आणि तुला एवढे पुरे. तो ‘माझे रक्त’ म्हणतो, ‘माझा मुलगा’ म्हणत नाही. बहिणीचा मुलगाही रक्ताचाच असतो. म्हणजे शब्द जपून वापरणाऱ्या या माणसाने बायकोशी खोटे न बोलता खरे लपवले. अशा शब्दांच्या फटीतून काढलेला निष्कर्ष या पुस्तकांवर आधारलेल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेने २०१६ आणि २०१७ मध्ये जवळजवळ जसाच्या तसा खरा ठरवला. सूत्र एकदा बरोबर आल्यावर तेच सूत्र दुसऱ्या पात्रावर लावून पाहण्याचा मोह होणारच, आणि टिरियनच्या प्रकरणातील बराचसा उत्साह या यशाच्या उसनवारीवर चाललेला आहे, असे माझे मत आहे.

तिसऱ्या माणसाची गरज कुठून आली, तेही याच साच्यात आहे. दुसऱ्या पुस्तकात एरिसची मुलगी डेनेरिस हिला एका जादूच्या वास्तूत दृष्टान्त होतो. त्यात तिचा मृत भाऊ रेगार तान्ह्या मुलाकडे पाहत म्हणतो की अजून एक हवे, ड्रॅगनला तीन डोकी असतात. टार्गेरियन घराण्याच्या झेंड्यावर तीन डोक्यांचा ड्रॅगन आहे, राज्याचा संस्थापक एगॉन आणि त्याच्या दोन बहिणी अशा तिघांनी तीन ड्रॅगनांवर बसून हे राज्य जिंकले होते, आणि डेनेरिसने चितेच्या आगीतून बाहेर काढलेले ड्रॅगनही नेमके तीनच आहेत: ड्रॉगॉन, रेगाल आणि व्हिसेरियन. एकावर डेनेरिस बसणार, दुसऱ्यावर जॉन. मग तिसऱ्यावर कोण? वाचकांनी पात्रांची यादी चाळली तेव्हा एक साम्य त्यांच्या नजरेत भरले. डेनेरिस, जॉन आणि टिरियन या तिघांच्याही आया बाळंतपणात गेल्या. टिरियनला तर त्याची बहीण आणि बाप आयुष्यभर आईचा जीव घेणारा म्हणूनच वागवत आले.

आता प्रत्यक्ष पुराव्याकडे वळू. यातला सर्वांत दुबळा भाग शारीरिक खुणांचा आहे. पुस्तकातल्या टिरियनचे केस इतके फिकट आहेत की पांढरेच वाटावेत, आणि त्याचा एक डोळा हिरवा तर दुसरा काळा आहे. टार्गेरियन म्हणजे रुपेरी केस आणि जांभळे डोळे, हे समीकरण धरून केसांची बाजू जुळवता येते. परंतु काळा डोळा त्या हिशेबात कुठेच बसत नाही. शिवाय टायविन आणि जोआना ही सख्खी चुलत भावंडे होती, दोघेही लॅनिस्टरच, तेव्हा सोनेरी केसांचा वारसा टिरियनला दोन्ही बाजूंनी मिळालेला आहे. या मुद्द्यावर अधिक वेळ घालवण्यासारखे काही नाही.

तारखांचा भाग मात्र खरोखर मजेदार आहे. पाचव्या पुस्तकात, २०११ साली, वृद्ध सरदार बॅरिस्टन सेल्मी डेनेरिसला सांगतो की तिच्या बापाची नजर जोआनावर होती. टायविनच्या लग्नात तो दारूच्या नशेत काहीबाही बरळला, आणि वधूला शयनगृहात पोहोचवण्याच्या धसमुसळ्या विधीत त्याने तिच्याशी नको ती लगट केली. तर्काचे समर्थक हे वाचून खूश झाले, पण कथेतल्या सनावळीप्रमाणे ते लग्न २६३ सालचे आणि टिरियनचा जन्म २७३ सालचा. दहा वर्षांपूर्वीच्या लगटीतून मूल होत नाही. हे भोक २०१४ पर्यंत तसेच होते. त्या वर्षी मार्टिन यांनी एलिओ गार्सिया आणि लिंडा अँटॉनसन यांच्यासह त्या काल्पनिक जगाचा जो इतिहासग्रंथ काढला, त्यात एक नवीच नोंद आली: २७२ साली राजाच्या कारकिर्दीच्या दशकपूर्तीनिमित्त राजधानीत मोठा सोहळा झाला, जोआना जुळ्या मुलांना घेऊन तिथे आली, आणि एरिसने भर दरबारात तिच्या शरीरावर असा अश्लील शेरा मारला की दुसऱ्या दिवशी टायविनने आपल्या प्रधानपदाचा राजीनामा पुढे केला. राजाने तो स्वीकारला नाही. सोहळा २७२ चा आणि जन्म २७३ चा. कथानकाच्या दृष्टीने या नोंदीची कुणालाही गरज नव्हती. ती घातली गेली, एवढे खरे.

त्याच ग्रंथात आणखी एक बारकावा आहे आणि तो मराठी वाचकाला पटकन कळेल, कारण आपण बखरी वाचलेल्या असतात. ग्रंथाचा कथेतला लेखक यान्डेल नावाचा विद्वान, म्हणजे मेस्टर आहे आणि तो सत्तेवर असलेल्या घराण्याला खूश ठेवून लिहितो. जोआना तरुणपणी एरिसच्या शय्येवर होती अशी वदंता तो देतो आणि लगेच म्हणतो की ती सपशेल टाकाऊ आहे. आधार काय, तर दुसरा मेस्टर पायसेल याची पत्रे. टायविनसारखा मानी माणूस दुसऱ्याच्या ताटातले उष्टे खाईल काय, असा पायसेलचा सवाल. पायसेल हा आयुष्यभर लॅनिस्टरांचाच माणूस होता, हे वाचकाला पहिल्या दोन पुस्तकांपासून ठाऊक आहे. खोटी म्हणून सांगितलेली वदंता, ती खोडून काढणारा हितसंबंधी साक्षीदार आणि त्याच्यावर विसंबणारा दरबारी लेखक अशी ही उतरंड आहे. वदंता नुसतीच खोटी असती तर ती खोडण्यासाठी एवढी माणसे कामाला लावायची गरज नव्हती, असे समर्थक म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

तथापि हा सगळा पुरावा नेमके काय सिद्ध करतो, हे तपासताना माझे समर्थकांशी जमत नाही. राजाला जोआना हवी होती हे सिद्ध होते. राजाने तिचा दोनदा तरी अपमान केला हे सिद्ध होते. त्या दोघांत २७२ साली संबंध आला, तो तिच्या संमतीने किंवा तिच्यावर जबरदस्तीने, याबद्दल एकही साक्षीदार एक अवाक्षर काढत नाही. उलट सर्व खुणा दुसऱ्याच एका गोष्टीकडे बोट दाखवतात, ती म्हणजे टायविनचा संशय. तिसऱ्याच पुस्तकाच्या आरंभी, टिरियन जेव्हा वडिलार्जित किल्ल्यावर हक्क सांगतो, तेव्हा टायविन त्याला सुनावतो की माझे नाव लावण्याचा आणि माझी निशाणे मिरवण्याचा हक्क तुला माणसांचे कायदे देतात, कारण तू माझा नाहीस हे मला सिद्ध करता येत नाही. हे वाक्य नीट ऐकण्यासारखे आहे. ज्याला माहीत असते तो असे बोलत नाही. ज्याला दहा-वीस वर्षे एकाच शंकेने पोखरले आहे तो असे बोलतो. ज्या राजाची त्याने वीसेक वर्षे प्रधानकी केली, त्यानेच आपल्या बायकोकडे वाकडी नजर टाकली, पुढच्याच वर्षी ती एका वेड्यावाकड्या मुलाला जन्म देऊन गेली, आणि ते मूल जगले. त्या मुलाकडे पाहताना टायविनच्या मनात काय येत असेल, ते सांगण्यासाठी एरिसचे पितृत्व खरे असण्याची गरजच नाही. शंका पुरेशी आहे. २०१४ च्या नोंदीदेखील याच अर्थाने वाचल्या तर कुठेही अडत नाहीत.

मग संशयापासून पितृत्वापर्यंतची उडी वाचक का मारतात? माझ्या मते त्यामागे ड्रॅगन आहेत. ड्रॅगनवर बसायला अंगात टार्गेरियन रक्त लागते, हे गृहीतक बहुतेकांनी न तपासता घेतलेले आहे, आणि टिरियनने ड्रॅगनवर बसावे अशी इच्छा तर त्याच्या पहिल्याच पुस्तकातल्या प्रसंगांपासून मनात रुजलेली असते. राज्याच्या उत्तर सीमेवरच्या भिंतीकडे जाणाऱ्या वाटेवर मुक्कामाच्या शेकोटीपाशी तो जॉनला सांगतो की लहानपणी तो किल्ल्याच्या तळघरात आग पेटवून तासन्‌तास ज्वाळांकडे पाहत बसे आणि त्या ड्रॅगनच्या ज्वाळा आहेत अशी कल्पना करी. कधी त्या आगीत त्याला बाप जळताना दिसे, कधी बहीण. बुटका, वाकडा, कुरूप मुलगासुद्धा ड्रॅगनच्या पाठीवर बसला की जगाकडे वरून पाहू शकतो, असेही तो म्हणतो. राजधानीत पाऊल ठेवल्यावर त्याने मुद्दाम शोधून काढल्या त्या ड्रॅगनांच्या एकोणीस कवट्या. पाचव्या पुस्तकात तर तो कबूलच करतो की एकाकी बालपणी रात्री-रात्री तो स्वप्नात ड्रॅगनवर बसे आणि आपण टार्गेरियनांचा कुणी हरवलेला राजपुत्र आहोत असे खेळे. वाढदिवसाला काय हवे असे काकांनी विचारले तेव्हा त्याने ड्रॅगन मागितला होता. छोटासा असला तरी चालेल, माझ्याएवढा.

‘हरवलेला राजपुत्र’ हे शब्द लेखकाने टिरियनच्याच तोंडी घातले आहेत, आणि त्यामुळे पुरावा दोन्ही बाजूंनी कापतो. ही पूर्वसूचना म्हणावी, तर नकोशा झालेल्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी पाहिलेले ते दिवास्वप्नही आहेच: हे माझे खरे आईबाप नव्हेत, माझे खरे आईबाप राजाराणी आहेत. असे स्वप्न पाहणाऱ्या मुलाला शेवटी तू खरोखरच राजपुत्र आहेस असे सांगणे ही परीकथेची रीत झाली. मार्टिन यांची रीत सहसा तशी नसते.

आता त्या गृहीतकाची परीक्षा. पाचव्या पुस्तकात डोर्नचा राजपुत्र क्वेंटिन मार्टेल डेनेरिसच्या ताब्यातल्या मीरीन शहरात पिरॅमिडखाली डांबलेल्या दोन ड्रॅगनांपुढे चाबूक घेऊन उभा राहतो. त्याच्या घराण्यात टार्गेरियन राजकन्या सून म्हणून आलेली आहे, तेव्हा आपल्या अंगात ते रक्त आहे हा त्याचा भरवसा खोटा नाही. तो व्हिसेरियनकडे पाहत असताना मागून रेगालची ज्वाळा येते. त्याला मरायला तीन दिवस लागतात. म्हणजे नुसते रक्त असून भागत नाही. याच्या उलट बाजूचे उदाहरण २०१८ साली आलेल्या ‘फायर अँड ब्लड’ या टार्गेरियनांच्या इतिहासात सापडते. त्यातल्या यादवी युद्धात ड्रॅगन असतात पण स्वार नसतात, तेव्हा राजघराण्याचे अनौरस रक्त अंगात असल्याचा दावा करणाऱ्यांना बोलावले जाते. बरेच जळून मरतात. त्यांच्यात नेटल्स नावाची सोळा वर्षांची, सावळी, बापाचा पत्ता नसलेली मुलगी असते. मेंढ्या चोरून खाणाऱ्या एका रानटी ड्रॅगनाला ती रोज सकाळी ताजी मारलेली मेंढी नेऊन देते, आणि त्याला तिची सवय होईपर्यंत देत राहते. शेवटी ती त्याच्यावर बसते. तिच्या अंगात टार्गेरियन रक्त होते की नव्हते याबद्दल त्या ग्रंथातले साक्षीदार आपसात भांडतात, स्वतः राणी तर तिच्यात त्या रक्ताचा थेंबही नाही असे म्हणते. मेंढीबद्दल मात्र कुणाचेही दुमत नाही.

नेटल्सच्या गोष्टीमुळे पारंपरिक गृहीतकाला तडा जातो, आणि कदाचित म्हणूनच ती पडद्यावर अडचणीची ठरली असावी. या इतिहासावर आधारलेल्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेच्या २०२४ मधील दुसऱ्या पर्वात नेटल्स नाही. त्या रानटी ड्रॅगनाच्या मागावर राजघराण्यातली रेना जाताना दिसते. एक अपवाद होता, तोही घराण्यात आणून बसवला.

मूळ मालिकेने टिरियनच्या बाबतीत काय केले, हे थोडक्यात सांगता येते. सहाव्या पर्वाच्या दुसऱ्या भागात, मे २०१६ मध्ये, तो मशाल घेऊन मीरीनच्या त्या तळघरात उतरतो, वाढदिवसाच्या भेटीची गोष्ट ड्रॅगनांना सांगतो आणि त्यांच्या गळ्यातले साखळदंड सोडवतो. ते त्याला काही करत नाहीत. त्या आठवड्यात टिरियनच्या टार्गेरियन असण्याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती. परंतु वर आल्यावर तो आपला साथीदार व्हॅरिस याला म्हणतो की मला पुन्हा अशी कल्पना सुचली तर माझ्या तोंडावर एक गुद्दा ठेवून दे. मालिका मे २०१९ मध्ये संपली तोपर्यंत या धाग्याकडे कुणी पुन्हा फिरकले नाही. तिसऱ्या ड्रॅगनाचा प्रश्न तर भलत्याच दिशेने सुटला: व्हिसेरियन भाल्याने मेला, मढे होऊन उठला आणि त्याच्यावर मृतांचा राजा बसला. डोकी तीन झाली खरी, पण तिसऱ्या स्वाराचा जन्म कोणाच्या पोटी झाला हे विचारण्यात अर्थ उरला नाही. मालिकेचे निर्माते पुस्तकांच्या पुढे गेलेले असल्यामुळे हा निकाल पुस्तकांना लागू होतोच असे नाही. समर्थक तेवढ्यावर टिकून आहेत.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत वजनदार साक्ष ड्रॅगनांची नाहीच. ती एका आत्याची आहे. चौथ्या पुस्तकात टायविनची बहीण जेना आपल्या भाच्याला, जेमीला, बापाच्या मृत्यूनंतर भेटते. प्रेमाने त्याचा कान ओढत ती म्हणते की बाळा, तुझे हसणे तुझ्या एका काकासारखे आहे, लढणे दुसऱ्यासारखे, तुझ्यात थोडाफार तिसराही आहे. पण टायविनचा मुलगा म्हणशील तर तो टिरियन आहे, तू नव्हेस. एकदा हे टायविनच्या तोंडावर बोलले, तर सहा महिने तो माझ्याशी बोलला नाही. जेना ही घरातली बाई आहे, टायविनला लहानपणापासून ओळखणारी आणि त्याला न भिणारी. ती रक्ताविषयी बोलत नाही हे खरे. ती बुद्धी, कपट, हट्ट आणि निष्ठुरपणा यांविषयी बोलते आहे, आणि टायविनला नेमके हेच झोंबले. जो मुलगा आपला नसावा असे त्याला वाटत होते तोच सर्वांत जास्त आपल्यासारखा निघाला. एरिसला बाप करून टाकले की ही गाठ सुटते आणि टायविन चक्क बरोबर ठरतो. मरतानाचे त्याचे वाक्य खरे होते, टिरियनचे उत्तर खोटे पडते, आणि पितृहत्येचा भारही जरा हलका होतो, कारण मारलेला माणूस बाप नव्हताच. जॉनच्या बाबतीत उलगडा झाल्याने नेडचे मौन अधिक मोठे झाले होते. इथे उलगडा झाला तर जे आहे ते कमी होईल.

यावर असे उत्तर दिले जाते की कर्णाला जन्माचे रहस्य कळल्याने त्याची गोष्ट लहान झाली नाही. आक्षेप चांगला आहे. परंतु उद्योगपर्वात कृष्णाने ते रहस्य सांगितल्यावर कर्ण जे म्हणतो ते आठवावे. राधेने दूध पाजले, अधिरथाने नाव दिले, तेच माझे आईबाप. रहस्य उलगडते ते नाकारले जाण्यासाठी. शिवाय कर्णाची कवचकुंडले श्रोत्याला पहिल्यापासून माहीत असतात. टिरियनच्या अंगावर असे काही नाही, दोन वेगवेगळ्या रंगांचे डोळे वगळता.

सहावे पुस्तक आलेले नाही, तेव्हा हे प्रकरण पाचव्या पुस्तकाच्या अखेरीस जिथे थांबले आहे तिथेच सोडावे लागते. रेगाल आणि व्हिसेरियन तळघरातून सुटून मीरीन शहरातल्या दोन पिरॅमिडांवर ठाण मांडून बसले आहेत. शहराबाहेरच्या तळावर टिरियन ‘सेकंड सन्स’ या भाडोत्री सैन्यात दाखल होतो. या सैन्याचा म्होरक्या ब्राउन बेन प्लम हा आपल्या पूर्वजांपैकी कुणीतरी ड्रॅगनांच्या घराण्यातली मुलगी केली होती असे सांगत असतो, आणि ड्रॅगनांना तो आवडतोही. सैन्याच्या जुन्या वहीत नाव लिहायचे असते. कारकून सांगतो की पूर्वी रक्ताने सही करत, पण रक्ताची शाई काही धड उमटत नाही. टिरियन सुरी मागून घेतो, अंगठ्याला टोचतो, रक्ताचा एक टपोरा थेंब दौतीत पिळतो, आणि त्या शाईने मोठ्या ठसठशीत अक्षरांत आपले नाव लिहितो: लॅनिस्टर घराण्याचा टिरियन, कॅस्टर्ली रॉकचा स्वामी.